राजाराम तलावाकाठची एक सकाळ

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या परिसराला लागून राजाराम तलाव आहे. रंकाळ्याचा बोलबाला या तलावाच्या वाट्याला आलेला नाही. इथे भेळेच्या गाड्या नाहीत आणि संध्याकाळची गर्दीही नाही. पहाटे फिरायला येणारी माणसे आणि पोहायला उतरणारे जुनेजाणते लोक यांचा हा तलाव. दिवाळीनंतरच्या एका रविवारी, सूर्य उगवायच्या आधी, मी या तलावाच्या काठावर अनवाणी उभी होते. डोक्याला रबरी टोपी, दंडावर जाड पेनाने लिहिलेला क्रमांक, घोट्याला वेळ मोजणारी पट्टी. माझे वय बासष्ट वर्षे. समोर ७५० मीटर पोहणे, त्यानंतर २० किलोमीटर सायकल आणि अखेरीस ५ किलोमीटर धावणे होते. या तिन्ही गोष्टी एकापाठोपाठ एक, मधे विश्रांती न घेता करायच्या, याला ट्रायथलॉन म्हणतात. त्यातला हा लहान पल्ल्याचा प्रकार.

या वयात हे कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. माझ्या नातलगांच्या मनात तो आला होता आणि त्यांनी तो विचारलाही होता. उत्तर देण्यासाठी मला कोल्हापूरहून पन्नासएक किलोमीटर मागे, सांगलीला जावे लागेल.

पाठीने दिलेला इशारा

माझ्या यजमानांना नऊ वर्षांपासून कंपवात आहे. हे बांधकाम खात्यात अभियंता होते. आयुष्यभर रस्ते मोजलेल्या या माणसाला आता दिवाणखान्यातून न्हाणीघरापर्यंतचे अंतर मोजून चालावे लागते. या आजारात औषधांच्या वेळा काटेकोर सांभाळाव्या लागतात. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा. गोळी अर्धा तास उशिरा झाली तरी शरीर ताठरते आणि पाऊल जमिनीला चिकटल्यासारखे होते. दाराच्या उंबऱ्यापाशी यांचे पाय असे अडले, की मी शेजारी उभी राहून मोठ्याने मोजते, ‘एक-दोन, एक-दोन.’ त्या तालावर पाऊल सुटते. फिजिओथेरपिस्टने शिकवलेली ही युक्ती आमच्या घरात आता श्वासासारखी झाली आहे.

तीन वर्षांपूर्वी न्हाणीघरात हे घसरले. त्यांना उचलताना माझ्या कमरेत कळ आली आणि मी आठ दिवस अंथरुणाला खिळले. त्या आठ दिवसांत एक गोष्ट लख्ख कळली. आमच्या घरात आजारी माणूस एक असला, तरी घर उभे होते ते माझ्या पाठीवर, आणि त्या पाठीकडे कुणाचेच लक्ष नव्हते. माझेही नव्हते. अस्थिरोगतज्ज्ञांनी मणक्याची चित्रे पाहून सांगितले, की शस्त्रक्रियेचे कारण नाही. स्नायू दुबळे झाले आहेत, ते बळकट करा. चाला, पोहा. त्यांनी सहज विचारले, “पोहता येतं का तुम्हाला?”

येत होते. आयर्विन पुलाजवळच्या घाटावर, पाठीला पत्र्याचा डबा बांधून, वडिलांनी मला कृष्णेत पोहायला शिकवले होते. लग्नानंतर मात्र चाळीस वर्षे मी पाण्यात उतरले नव्हते. आता कृष्णेत मगरींचा वावर असल्याने नदीचा विचार सोडला आणि तरणतलावाची वाट धरली. पहिल्या दिवशी एक फेरी पुरी करताना तीनदा कठड्याला धरले. पण पाण्यात शरीराचा भार कमरेवर येत नाही, हे सुख मी विसरूनच गेले होते. सहा महिन्यांत पाठदुखी पुष्कळ कमी झाली. त्याहून मोठा लाभ असा, की दिवसाच्या चोवीस तासांतला एक तास माझा झाला. पुढे सकाळची भाजी आणायला सायकल काढली. मग तरणतलावावरच्या एका तरुण प्रशिक्षकाने कोल्हापूरच्या या स्पर्धेविषयी सांगितले.

मी ते हसण्यावारी नेले. रात्री यांना सांगितले, तर हे हसले नाहीत. सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाले, “तू जा. मी दोन दिवसांत कुठं पळून जात नाही.”

एका वयोवृद्ध स्पर्धकाची गोष्ट

हा खेळ फार जुना नाही. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील सॅन दिएगो येथे मिशन बे या खाडीकाठी पहिली ट्रायथलॉन झाली. धावपटूंच्या एका क्लबाने नेहमीच्या सरावाला विरंगुळा म्हणून ती भरवली होती आणि ४६ जण त्यात उतरले होते. २००० साली सिडनीत हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. ऑलिंपिकमधील अंतर दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे असे असते. आमचे अंतर त्याच्या बरोबर निम्मे.

तयारीच्या दिवसांत मला सर्वांत जवळचे वाटले ते जपानचे हिरोमु इनादा. वृत्तनिवेदनाच्या क्षेत्रातून निवृत्त झाल्यावर आजारी पत्नीची शुश्रूषा करण्याच्या काळात ते पोहू लागले. सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांनी पहिली ट्रायथलॉन केली. २०१८ साली, वयाच्या ८५व्या वर्षी, हवाई बेटावरची आयर्नमॅन जागतिक स्पर्धा त्यांनी पूर्ण केली. त्या स्पर्धेत ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे असते. एवढी मजल मारण्याची माझी इच्छा नाही आणि कुणी मारावी असे मी सुचवतही नाही. पण शुश्रूषा करणारा माणूस स्वतःचे शरीर सांभाळण्यासाठी पाण्यात उतरला, एवढा धागा मला पुरेसा होता.

तयारीला मी आठ महिने घेतले. त्याआधी वैद्यकीय तपासणी केली. मला रक्तदाबाची गोळी आहे, म्हणून हृदयरोगतज्ज्ञांकडे जाऊन चालत्या पट्ट्यावरची तपासणी आणि हृदयाची सोनोग्राफी करून घेतली. त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. रक्तदाबाच्या काही गोळ्या हृदयाची गती वाढू देत नाहीत. अशी गोळी घेणाऱ्याने मनगटी घड्याळातल्या ठोक्यांच्या आकड्यावर विसंबू नये. त्यापेक्षा बोलून पाहावे. श्रम करताना एक वाक्य सलग बोलता आले, तर गती योग्य आहे. दोन शब्दांवर दम तुटला, तर वेग कमी करावा. ही कसोटी फुकट आहे आणि कोणत्याही वयाला लागू पडते.

कोल्हापूरची संध्याकाळ

यांच्यासोबत राहायला माझ्या धाकट्या नणंदबाई मिरजेहून आल्या. त्यांच्यासाठी मी चार पाने भरून टिपण लिहिले होते. गोळ्यांच्या वेळा, गोळी आणि प्रथिनयुक्त जेवण यांत ठेवायचे अंतर, रात्री कूस बदलायला लावायची रीत, उंबऱ्यापाशी मोजायचे ‘एक-दोन’. वन्संनी ती पाने वाचली आणि म्हणाल्या, “वहिनी, दादाला मी तुमच्या आधीपासून ओळखते.” मी ओशाळले, पण पाचवे पान लिहून फ्रिजवर लावलेच.

शनिवारी दुपारी कोल्हापूरला पोहोचले. राजारामपुरीत मावसबहिणीकडे उतरले होते. संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून ती मला खासबाग मैदानाकडे घेऊन गेली. युरोपच्या प्रवासात रोमचे जुने क्रीडागार पाहून आल्यावर शाहू महाराजांनी हे कुस्तीचे मैदान बांधवले. १९१२ सालचे हे मैदान मधोमध खोलगट आहे, त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही आखाडा दिसतो. कोल्हापुरात तालीम हा शब्द अजूनही घरातल्या शब्दांसारखा वापरला जातो. बहिणीच्या शेजारच्या आजोबांनी मला विचारले, “पोरी, तालीम किती दिवस केलीस?” बासष्टाव्या वर्षी पोरी म्हणवून घेताना बरे वाटले. आठ महिने म्हटल्यावर ते समाधानाने मान हलवून म्हणाले, “मग भ्यायचं नाही.”

बहिणीने तांबडा-पांढरा रस्सा करायचा बेत आखला होता. मी हात जोडून तो दुसऱ्या दिवसावर ढकलला आणि वरण-भात जेवले. स्पर्धेच्या आदल्या रात्री तिखट, तेलकट आणि नवे असे काही खाऊ नये, हा नियम तरुणांइतकाच वृद्धांनाही लागू आहे; किंबहुना अधिक.

काठावरचा फोन

पहाटे पाच वाजता तलावावर पोहोचले. सायकली ओळीने टांगून ठेवण्यासाठी लोखंडी आडवे दांडे होते. प्रत्येकाला आपल्या क्रमांकाची जागा. तिथे मी हेल्मेट, चश्मा, मोजे, बूट आणि पाण्याची बाटली मांडून ठेवली. शेजारी घरून आणलेले छोटे प्लास्टिकचे स्टूल ठेवले. आजूबाजूचे तरुण त्या स्टुलाकडे पाहून हसले. ओल्या पायांनी, एका पायावर उभे राहून मोजे चढवण्याचे माझे वय नाही, हे मला ठाऊक होते. उतारवयातली बरीच पडझड अशाच क्षुल्लक क्षणी होते.

साडेपाचला घरी फोन केला. वन्संच्या आवाजावरून लगेच कळले, की रात्र बरी गेली नव्हती. हे दोनदा उठले होते, एकदा पलंगाजवळ गुडघ्यावर बसले होते. लागले नव्हते, पण वन्संना त्यांना उठवायला वीस मिनिटे लागली होती.

माझे हातपाय गार पडले. पहिला विचार आला तो परत जाण्याचा. सात वाजेपर्यंत सांगली गाठता आली असती. मी म्हणाले, “मी निघते.” पलीकडे क्षणभर शांतता होती. मग वन्सं म्हणाल्या, “वहिनी, घाबरले मी, हे खरं. पण खुर्ची जवळ ओढून, तुम्ही लिहिलं होतं तसंच केलं आणि दादा उठला. तुम्ही घरी असतात तर हे मला येतं की नाही, ते मला कधी कळलंच नसतं. सहाची गोळी मी देते. तुम्ही या आपल्या वेळेवर.”

त्यांच्या बोलण्याने माझ्या डोळ्यांत पाणी आले. नऊ वर्षे मी कुणाला हात लावू दिला नव्हता. माझ्यावाचून चालणार नाही, ही काळजी होती. पण तिच्यात थोडा अहंकारही मिसळला होता. आजाऱ्याची काळजी घेणाऱ्या पुष्कळ घरांत हे घडते. सगळे एकालाच येते, म्हणून सगळे एकालाच करावे लागते, आणि तो एक जण कोसळला की दुसऱ्याला काहीच ठाऊक नसते. फोन पिशवीत ठेवून मी पाण्याकडे चालू लागले.

पाणी, चाके आणि पाय

पाण्यात उतरल्यावर पहिल्या शंभर मीटरांत माझी त्रेधा उडाली. तरणतलावाच्या तळाशी रेघ दिसते. इथे पाण्यात स्वतःचा हातही दिसेना. गार पाणी छातीला लागले, कुणाचा तरी पाय खांद्यावर बसला, आणि श्वास आत जाईना. नवख्या स्पर्धकाला असे होणे अगदी सर्वसाधारण आहे, आणि दुर्लक्ष केले तर ते धोक्याचेही आहे. या खेळातल्या हृदयविकाराच्या घटना प्रामुख्याने पोहण्याच्या टप्प्यात घडतात. प्रशिक्षकांनी पढवून ठेवले होते, की श्वास अडला तर लढू नका, उताणे व्हा. मी पाठीवर वळले. वर फिकट होत चाललेले आकाश दिसले. सुरक्षेसाठी फिरणाऱ्या छोट्या होडीतला मुलगा जवळ आला. “काकू, होडी धरा. धरली तरी बाद होत नाही, फक्त पुढं ओढून नेणार नाही मी.” मी होडी धरली. दहा श्वास मोजले. छातीत दुखत नाही, डोके हलके होत नाही, हे स्वतःला विचारून पाहिले आणि मग हात सोडला.

पुढे सहा-सात हात मारले की एकदा डोके वर काढून नारिंगी फुगा शोधायचा, असा क्रम लागला. कृष्णेत वडील घाटावर उभे राहून ज्या आवाजात मोजत, तो आवाज इतक्या वर्षांनी कानात आला. काठाला पाय लागले तेव्हा सत्तावीस मिनिटे झाली होती. माझ्यामागे चार जण होते, हे पाहून क्षुद्र का होईना, आनंद झाला.

स्टुलावर बसून पाय पुसले, मोजे-बूट घातले, हेल्मेटचा पट्टा लावला. पट्टा लावल्याखेरीज सायकलला हात लावायचा नाही, असा नियमच आहे. या सगळ्याला सहा मिनिटे लागली. मघाचा हसणारा एक तरुण एका पायावर उड्या मारत मोजा ओढत होता. त्याने स्टुलाकडे पाहिले, मी उठून ते त्याच्याकडे सरकवले.

सायकलचा मार्ग गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीकडे जाऊन परत येणारा होता. गळीत हंगाम सुरू झाला होता. उसाने लादलेल्या ट्रॉल्या बाजूच्या रस्त्याने चालल्या होत्या आणि कुठल्याशा गुऱ्हाळाचा गोड, धुरकट वास वाऱ्यावर येत होता. जाताना वारा पाठीशी होता, त्यामुळे मला आपण फार बळकट आहोत असे वाटले. परतताना तोच वारा समोरून आला आणि खरी ताकद कळली. दर दहा मिनिटांनी दोन घोट मीठ-साखरेचे पाणी घेतले. तहान लागेपर्यंत थांबू नये, कारण वयानुसार तहानेची जाणीव मंद होते. पण नुसते पाणी भरमसाट पिणेही बरे नाही, त्याने रक्तातले सोडियम घटते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी याबाबत डॉक्टरांना आधीच विचारावे. वीस किलोमीटरला अठ्ठावन्न मिनिटे लागली.

सायकलवरून उतरून धावायला लागल्यावर जे घडले, त्यासाठी मी हा सगळा लेख लिहिते आहे असे म्हटले तरी चालेल. तासभर पायडल मारलेल्या पायांना अचानक धावायला सांगितले, की ते ऐकत नाहीत. मांड्या लाकडासारख्या होतात आणि पाऊल जमिनीवरून सुटत नाही. मेंदू सांगतो आहे, ‘चल,’ आणि पाय जागचे हलत नाहीत. मी रस्त्याच्या मधोमध थबकले. आणि एकाएकी मला आमच्या घराचा उंबरा दिसला.

माझे पाय पाच मिनिटांत मोकळे होणार होते. यांचे होत नाहीत. नऊ वर्षे दररोज, न्हाणीघराकडे जाताना, जेवायला उठताना, हे याच क्षणातून जातात. आणि मी कित्येकदा घाईत, क्वचित त्रासून, ‘चला ना’ म्हटलेले आहे. ज्याला पाय हलवायचे आहेत आणि हलत नाहीत, त्याला ‘चला ना’ या शब्दांचा काहीच उपयोग नसतो, हे त्या रस्त्यावर मला स्वतःच्या शरीरातून कळले. मी मोठ्याने म्हणाले, ‘एक-दोन, एक-दोन.’ बाजूने जाणाऱ्या मुलीला वाटले मी कवायत करते आहे. पाऊल सुटले.

पाच किलोमीटर मी सगळे धावले नाही. तीन मिनिटे धावणे आणि एक मिनिट झपझप चालणे, असा हिशेब ठेवला. शेचाळीस मिनिटे लागली. रेघ ओलांडली तेव्हा घड्याळात दोन तास एकवीस मिनिटे होती. बक्षिसे घेणारे केव्हाच न्याहारीला गेले होते. गळ्यात पदक घालणाऱ्या मुलाने वाकून नमस्कार केला, एवढे लक्षात आहे.

परतल्यावर

घरी पोहोचले तेव्हा दुपारची दोनची गोळी दिली गेलेली होती. टेबलावर माझ्या पाच पानांशेजारी वन्संच्या अक्षरातले सहावे पान होते. रात्री काय झाले, काय केले, कशाने बरे वाटले, हे त्यांनी लिहून ठेवले होते. आता त्या महिन्यातून दोन दिवस येतात. पदक यांच्या पलंगाच्या कठड्याला अडकवले आहे.

हा लेख वाचून कुणी थेट तलाव गाठावा, असा माझा आग्रह नाही. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्या व्यक्तींनाही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम, शिवाय तीन दिवस तोल आणि स्नायूंची ताकद राखणारे व्यायाम सुचवते. म्हणजे रोज वीस-बावीस मिनिटे झपझप चालणे आणि ओट्याला धरून टाचा उचलणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, एवढ्यापासून आरंभ होतो. ज्याला जमेल त्याने ते डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू वाढवावे. छातीत दाब, भोवळ, अनपेक्षित धाप यांपैकी काही जाणवले तर तिथल्या तिथे थांबावे. थांबण्यात कमीपणा नाही. मी तर होडी धरून थांबले होते.

आणि जे घरात कुणाची तरी शुश्रूषा करत आहेत, त्यांना एवढेच सांगायचे आहे. आपल्याला येते ते सगळे एका कागदावर लिहून काढा आणि तो कागद दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या. पहिल्या रात्री वीस मिनिटे जास्त लागतील. पुढच्या वेळी दहा लागतील. त्या वाचलेल्या वेळात आपली पाठ सांभाळा.

परवा उंबऱ्यापाशी यांचे पाऊल पुन्हा अडले. मी शेजारी उभी राहिले आणि घाई केली नाही. मोजायला तोंड उघडणार, तोच हेच पुटपुटले, “एक-दोन.” मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “पुढच्या वर्षी किती मिनिटं कमी करणार आहेस?”